अंगणात उतरवलेला गिअरबॉक्स

जामनेरात जीपचा गिअरबॉक्स घरी खोलायची रीत गॅरेजवाल्यांनी नाही, जिनिंगच्या फिटरांनी पाडली, असं माझं ठाम मत. माझे आजोबा त्यातलेच. कापसाचा हंगाम तापला की रात्री-बेरात्री बेअरिंगं बदलायची. अशा माणसाला दातेरी चाकांची धास्ती कसली?

कापसाला रेल्वे होती. पाचोरा-जामनेर ही अडीच फुटी रुळांची गाडी 1919 साली सुरू झाली आणि 56 किलोमीटरचं अंतर तिच्या मर्जीने कापत कोरोनापर्यंत, म्हणजे 2020 पर्यंत, धावली. पण शेत काही रुळाला लागून नसतं, आणि पावसाळ्यात आमची काळी माती बैलगाडीचं चाक आसापर्यंत गिळते. तिथे जीपच हवी. महायुद्धात विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगावला त्यांची जोडणी सुरू केली. रानात, हाताशी असतील त्या पान्यांनी उघडता यावी म्हणून घडवलेली ही गाडी. शेतकऱ्याला तेच हवं होतं.

आमच्या जीपचा टी-90 गिअरबॉक्स तीन गिअरचा. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, म्हणजे गिअर खरखर न करता बसवणारी रचना; पहिल्याला नाही. कॅडिलॅकने सिंक्रो 1928 मध्येच आणला होता, पण पहिल्या गिअरला तो द्यायला कंपन्या पुढेही बरीच वर्षं हात आखडता घेत राहिल्या. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच. नवशिक्या ड्रायव्हरचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाई.

वडील उन्हाळ्यात काम काढत. बैठकीमधला पत्रा सोडवायचा, दोन्ही प्रॉपेलर शाफ्ट काढायचे, मग ट्रान्सफर केससकट सगळं धूड जॅकवर तोलून खाली घ्यायचं. घमेल्यात डिझेल ओतून एकेक गिअर धुवायचा आणि उन्हात धरून दात बघायचे. सिंक्रोची पितळी रिंग कोनावर दाबून फिरवायची; ती धरत नसेल तर गेली.

खरी कसोटी खालच्या गिअरजोडाची. त्याच्या पोटात सुटे बारीक रोलर असतात, आणि शाफ्ट घालताना एक जरी आडवा झाला की सगळं पुन्हा. वडील जोडाच्या लांबीइतका लाकडी दांडा तासून घेत. आई ग्रीसमध्ये बोट बुडवून त्याच्याभोवती रोलर लावत जाई, तिची बोटं बारीक म्हणून. जोड पेटीत बसला की खरा शाफ्ट ठोकत आत न्यायचा. तो शिरतो तसा दांडा दुसऱ्या बाजूने निघतो, रोलर जागेवर. ही युक्ती कंपनीच्या पुस्तकातलीच, पण आमच्याकडे ती बाभळीच्या लाकडावर चालली.

पुढे पहूर-फर्दापूर रस्त्यावर काळी-पिवळी जीप धावू लागली. टपावर माणसं, मागे लटकलेली माणसं. एवढ्या ओझ्याखाली गिअरबॉक्स टिकणार किती? मग अंगणातलं काम धंद्याचं झालं आणि पोरं गॅरेजात गेली.

जोडून झालेल्या गाडीची परीक्षा मात्र वडिलांनी कधी सपाट रस्त्यावर घेतली नाही. फर्दापूरच्या पुढे अजिंठ्याचा घाट चढून जायचं आणि परतताना दुसऱ्या गिअरवर उतरत ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा. थ्रस्ट वॉशर झिजला असेल किंवा स्लीव्हचे दात गोल झाले असतील तर गिअर तिथेच निसटतो, दांडी आपोआप न्यूट्रलला येते. दांडी जागची हलली नाही, तरच ते गिऱ्हाइकाकडून पैसे घेत.