गुरुवारची सुट्टी आणि शनिवारची सभा

पिंपरी-चिंचवडबाहेरच्या माणसाला गुरुवारचे माहात्म्य समजावून सांगावे लागते. दत्ताचा वार म्हणून तो सर्वांना ठाऊक असतो. आम्ही बोलतो आहोत ते कारखान्यांच्या गुरुवाराविषयी. विजेचा सगळा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून राज्यातील औद्योगिक भागांना साप्ताहिक सुट्टीचे निरनिराळे वार वाटून दिले गेले. त्यात या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. पुढे मूळ कारण मागे पडले तरी अनेक कारखान्यांतून वार तोच राहिला. रहाटणी, काळेवाडी, थेरगाव या भागांत भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या कामगाराच्या घरात त्यामुळे आठवड्याला दोन रविवार उगवतात. बापाचा गुरुवारी आणि मुलांचा रविवारी.

महापालिकेच्या शाळेतील पालकसभा मात्र बहुधा शनिवारी होते. शनिवारी शाळा सकाळची असते आणि वर्ग सुटल्यावर शिक्षकांना थोडी उसंत मिळते, म्हणून तो वार त्यांना सोयीचा. सभेला येणाऱ्यांची संख्या तुरळक असते आणि मग एक वाक्य हमखास कानी पडते : “पालकांनाच पर्वा नाही, तर आम्ही तरी काय करणार?” हे वाक्य आम्ही इतक्यांदा आणि इतक्या सज्जन माणसांच्या तोंडून ऐकले आहे, की ते मुळात कुठून आले याचा माग काढावा असे वाटू लागले. तो माग बराच मागे जातो.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन ठेवले. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वांना पाठ असते. त्याच निवेदनात गरीब घरे मुलांना शाळेत का पाठवत नाहीत याचे जे विवेचन आहे, त्याकडे तितके लक्ष जात नाही. अत्यंत दारिद्र्यामुळे कुणब्याला गुरे राखण्यासाठी आणि शेत सांभाळण्यासाठी मुलांचे हात लागतात, हे जोतीराव सरळ सांगतात. तेव्हा शाळांची संख्या तर वाढवावीच, पण अशा घरांसाठी शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे ठेवावीत, असे ते सुचवतात. शिक्षकही शेतकरी वर्गातून निवडावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असा त्यांचा आग्रह आहे. आजच्या परिपत्रकांच्या भाषेत ज्याला ‘पालक सहभाग’ म्हणतात, त्याचा हा मराठी मुलखातील एक अगदी आरंभीचा विचार आहे असे आम्ही मानतो. त्याची दिशाही लक्षात घेण्याजोगी आहे. घराने शाळेकडे यावे म्हणून आधी शाळेने घराची अडचण जाणून घ्यावी, अशी ती दिशा आहे.

घराचा वाटा त्या वेळी नव्हताच असेही नाही. जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळवला जाई. म्हणजे ज्या शेतकऱ्याचे पोर शाळेत नव्हते, तोही शाळेसाठी पैसे भरत होता. जोतीरावांची तक्रार नेमकी हीच होती : पैसा रयतेचा आणि विद्या वरच्या वर्गाची. ‘सामायिक जबाबदारी’ हा शब्द जन्माला येण्यापूर्वीच जबाबदारीची एक बाजू चोख वसूल होत होती.

पुढची पिढी सक्तीच्या मार्गाने गेली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू केला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याचाच दाखला घेऊन मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात आपले विधेयक मांडले. मासिक दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकाकडून फी घेऊ नये, अशी तरतूद त्यात होती. विधेयक १९१२ च्या मार्चमध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेलांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातील नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार दिला. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही हजेरीचा आदेश आणि तो मोडल्यास दंड ही चौकट होतीच.

या दंडाकडे आज नाक मुरडून पाहणे सोपे आहे. आम्ही तसे पाहत नाही. शाहू महाराजांचा एक रुपया जातीच्या उतरंडीत खाली दाबलेल्या पोराच्या बाजूने उभा होता. त्याच्या मागे वसतिगृहे होती, फीमाफी होती आणि संस्थानाच्या तिजोरीतून शाळांवर होणारा खर्च होता. परंतु पुढे कायद्याच्या पुस्तकांतून हा आधार झिरपत नाहीसा झाला आणि पालकाविषयीचा संशय तेवढा शिल्लक राहिला. दंड कोणी वसूल करो वा न करो, पालक हा मुळातच कसूर करणारा इसम आहे ही धारणा शाळेच्या भिंतीत मुरली. शनिवारच्या सभेनंतरचे ते वाक्य तिथूनच आलेले असावे.

याच काळात एक वेगळी वाटही चोखाळली गेली, आणि तिचा उल्लेख टाळणे अन्यायाचे ठरेल. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीतील अंगणात गेली. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या अनुभवातला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. जोतीरावांनी १८८२ मध्ये सांगितलेली अडचण कुरणशाळेने शब्दशः स्वीकारली : मूल गुरे सोडून येऊ शकत नाही, तर शाळा कुरणात जाईल. पुढे ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा आणि वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या त्याच तर्काने. १९८८ मध्ये मुंबईत सुरू झालेली ‘डोअर स्टेप स्कूल’ ही संस्था नंतर पुण्यात आली आणि बांधकामांच्या जागी वर्ग भरवू लागली. पुणे-पिंपरी परिसरातील उंच इमारती ज्यांनी उभारल्या, त्यांच्या मुलांपर्यंत शाळा या मार्गानेही पोचली आहे.

रहाटणीचा कारखान्यांशी संबंध आला तो स्वातंत्र्यानंतर. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. आसपासच्या शेतकरी गावांचे या प्रवासात शहर झाले, रहाटणीचेही. कारखानदारीच्या पहिल्या पिढीतला कायम कामगार वेतनवाढीच्या करारांत वाढला. त्याला युनियन होती, रजा होती. काहींना तर कंपनीच्या वसाहतीतच शाळा होती. अशा कामगाराला सभेसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकणे शक्य होते. त्याचा मुलगा आज इंग्रजी माध्यमात शिकला-सवरला आणि महापालिकेच्या शाळेच्या पटावरून ते घराणे बहुतांशी उठले आहे. पटावर आता जी नावे दिसतात ती ठेकेदाराकडच्या कामगारांची, मराठवाडा-विदर्भातून आलेल्या, उत्तर कर्नाटक, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्या कुटुंबांची. ठेक्यावरच्या माणसाचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि लागोपाठ खाडे झाले तर कामच. आई शेजारच्या सोसायट्यांत धुणीभांडी करत असेल, तर तिला गुरुवारही नसतो. महिन्याच्या दोन सुट्ट्या ठरलेल्या असतात, त्याही आजारपणात जातात.

नेमक्या याच पालकाला कायद्याने एकविसाव्या शतकात आरोपीच्या पिंजऱ्यातून काढून अध्यक्षाच्या खुर्चीत बसवले, हा इतिहासातला मोठा पालट आहे. २००१ मध्ये केंद्राच्या पैशाने सर्व शिक्षा अभियान सुरू झाले. केंद्राचा वाटा आरंभी ८५ टक्के होता, तो पुढे टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांवर आला. २०१८ पासून हे अभियान ‘समग्र शिक्षा’त विलीन झाले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क केला आणि त्याच दुरुस्तीने मुलाला शिक्षणाची संधी देणे हे पालकाचे मूलभूत कर्तव्यही ठरवले. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या दहाव्या कलमात मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य म्हटले आहे, पण त्यापुढे दंडाचा शब्द नाही. एक रुपयाचा तो दंड सुमारे नव्वद वर्षांनी असा निमूटपणे गेला. एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती आणली : किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि सरकारी अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. केंद्राच्या आदर्श नियमांत महिन्याला किमान एक बैठक आणि पालकांतूनच अध्यक्ष सांगितला आहे. कागदावर पाहता, ज्या आईला सोसायटीच्या फाटकावर रोज पिशवी उघडून दाखवावी लागते, ती शाळेच्या हिशेबाची वही उघडून पाहू शकते. (जाता जाता : तिला समितीत निम्मी जागा २००९ मध्ये मिळाली, महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले ते १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी.)

एवढे सगळे दिले आणि वेळ मात्र दिली नाही. आमच्या मते सारे घोडे इथेच अडते. याच्या तुलनेसाठी अमेरिकेतील एक कायदा पाहण्याजोगा आहे. गरीब वस्त्यांतील शाळांना संघराज्याचा पैसा देणारी योजना तिथे १९६५ च्या शिक्षण कायद्यातील ‘टायटल वन’ या भागाने सुरू झाली. १९९४ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक शाळेला पालकांसोबत एक करारपत्र करणे भाग पडले. मुलाच्या प्रगतीची जबाबदारी शाळा, घर आणि विद्यार्थी कशी वाटून घेणार, हे त्यात लिहायचे असते. तिथेही या करारपत्रांचे पुष्कळदा सहीपुरते कागद झाले. त्यांचे पोवाडे गाण्याचा आमचा मानस नाही. पण त्याच कायद्यात एक साधे वाक्य आहे : शाळेने सभा निरनिराळ्या वेळी, म्हणजे सकाळी किंवा सायंकाळी, ठेवाव्यात, आणि पालकांची ने-आण, त्यांच्या लहान मुलांचा सांभाळ किंवा घरभेटी यांवर योजनेचा पैसा खर्च करता येईल. गरीब पालकाच्या गैरहजेरीला मनगटावरचे घड्याळ, बसचे भाडे आणि कडेवरचे पोर अशी कारणे असतात, हे त्या कायद्याने मान्य केले आहे. बुडालेली मजुरी तोही भरून देत नाही.

आपल्या कायद्याच्या कलमांत सभेचा वार नाही, वेळही नाही. कलम चोविसाने शिक्षकाला पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती कळवण्याचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्या कधी घ्याव्यात हे त्याच्यावरच सोडले आहे. म्हणजे रहाटणीतील एखाद्या शाळेने उद्या गुरुवारी सायंकाळी सहाला बैठक ठेवली, तर तिला अडवणारे कोणतेही कलम नाही. शिक्षकाचे घर दूर असते, त्याच्यावर निवडणुका, जनगणना, सर्वेक्षणे यांचे ओझे असते, सायंकाळच्या दोन तासांचा मोबदला त्यालाही कोणी देत नाही, हेही आम्ही विसरलेलो नाही. ज्याला आपण सामायिक जबाबदारी म्हणतो, तीत दोन थकलेली माणसे समोरासमोर बसवलेली असतात आणि दोघांच्या वेळेचा खर्च कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो.

दरम्यान महिन्याची बैठक तर कागदावर व्हावीच लागते. मग अनेक ठिकाणी इतिवृत्ताची वही आधी लिहून तयार होते आणि सह्यांसाठी घरोघर पाठवली जाते. खोलीच्या दारात मूल ती वही पुढे धरते, आई हात पुसून त्याने दाखवलेल्या ओळीवर सही करते. वर काय लिहिले आहे ते वाचायला तिला सवड नसते. दुसऱ्या सोसायटीची वेळ झालेली असते.