एक जोडी बूट आणि साडेचार पेन्स

परवा एका मित्राने विचारलं, "तू युरोपातल्या जुन्या प्रवाशांवर पीएचडी करतेस ना, मग कमी पैशात युरोप कसा फिरायचा ते सांग की." त्याला हॉस्टेलांची यादी हवी होती. मी त्याला थॉमस कोरियटची गोष्ट सांगितली. तीच इथे जरा नीट लिहितेय, कारण माझ्या प्रबंधाचा एक मोठा प्रश्न तिच्यात दडलाय.

कोरियट हा इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या ओडकम्ब गावच्या पाद्र्याचा मुलगा. ऑक्सफर्डला शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला आणि युवराज हेन्रीच्या दरबारात हसवणारा, टिंगल सोसणारा माणूस म्हणून वावरू लागला. मे 1608 मध्ये तो डोव्हरहून निघाला. पॅरिस, लियों, तुरिन, मिलान, पादुआ करत व्हेनिसला पोचला. तिथे सुमारे सहा आठवडे राहिला आणि झुरिक, बाझल, स्ट्रासबुर्ग, हायडेलबर्ग, कोलोनवरून ऑक्टोबरात परत आला. पाच महिने, 45 शहरं आणि त्याच्याच हिशोबाने 1,975 मैल. जाताना घोडा, गाडी, होडी असं जमेल ते वाहन घेतलं. येताना मात्र बरंचसं अंतर पायी. व्हेनिसपासून घरापर्यंत एकच बुटांची जोडी पुरली, ती फक्त एकदा झुरिकला सांधून घेतली. घरी आल्यावर त्याने ते बूट गावच्या चर्चमध्ये टांगले!

1611 मध्ये त्याचं 'कोरियट्स क्रूडिटीज' हे जाडजूड पुस्तक आलं. इटलीत लोक काट्याने जेवतात, व्हेनिसच्या रंगमंचावर बायका काम करतात, अशा नवलाच्या गोष्टींसाठी ते आजही वाचलं जातं. मी मात्र ते पेन्सिल घेऊन वाचते आणि जिथे रकमेचा उल्लेख येतो तिथे खूण करते. कुणाला किती दिले, कुठे वाचवले, कुठे फुकट मिळालं. माझं काम थोडक्यात हेच.

या खुणा एकत्र ठेवल्या की चित्र बदलतं. वरवर कोरियट अगदी आजच्या बॅकपॅकरसारखा दिसतो. बेर्गामोला जत्रेमुळे सगळ्या खानावळी भरलेल्या, तर हा तबेल्यात घोड्यांच्या पायाशी गवतावर झोपला. पण त्याआधी, सव्हॉयच्या डोंगरात काय झालं बघा. तिथे काही गरीब माणसं प्रवाशांना खुर्चीत बसवून चढावरून वाहून नेत, त्यावरच त्यांचं पोट. ती याच्यासोबत चालू लागली. हा आधी नको म्हणाला, पैसे वाचवायचे होते. मग दम लागला आणि साधारण 18 पेन्स देऊन खुर्चीत बसला. म्हणजे काटकसर ही त्याची निवड होती आणि ती मोडायची सोयही खिशात होती.

सगळ्यात बोलकी खूण स्ट्रासबुर्गनंतरची. बाडेनच्या वाटेवर त्याला फाटक्या कपड्यांतले दोन हत्यारबंद गावकरी भेटले. कोरियट घाबरला, कारण त्याच्या अंगरख्याच्या अस्तरात सोन्याची नाणी शिवलेली होती. त्याने काय करावं? टोपी काढली, चेहरा दीनवाणा केला आणि चक्क भीक मागितली. त्या दोघांनी लुटलं तर नाहीच, उलट काही चिल्लर दिली. इंग्रजी हिशोबात साडेचार पेन्स. त्या रात्रीच्या जेवणाचा निम्मा खर्च त्यातून निघाला, असं तो मोठ्या खुशीत लिहितो.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी गंमत म्हणून सांगितला जातो. मीही तो तसाच सांगायचे. पण साडेचार पेन्स म्हणजे किती? त्या काळी दक्षिण इंग्लंडमध्ये बांधकामावरच्या साध्या मजुराला दिवसाला साधारण 8 पेन्स मिळत. म्हणजे या 'गरीब' प्रवाशाचं रात्रीचं जेवण, पूर्ण 9 पेन्सचं, मजुराच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा महाग होतं. आणि त्याचा अर्धा वाटा फाटक्या कपड्यांतल्या दोघांनी दिला.

आता याच्या शेजारी एक कायदा ठेवू. 1597 च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे विनाकाम भटकणाऱ्याला कंबरेपर्यंत उघडं करून रक्त येईस्तोवर फटके मारायचे आणि जन्मगावी परत पाठवायचं. कोण कोण 'भटके' ठरतात याची त्यात यादीच आहे, आणि त्यात स्वतःला विद्यार्थी म्हणवून भीक मागत फिरणारेही आहेत. (पीएचडीवाल्यांनी नोंद घ्यावी.) कोरियटने जर्मनीत जे मजेत केलं, ते सॉमरसेटमधल्या एखाद्या बेकार मजुराने केलं असतं तर पाठ सोलून निघाली असती.

फरक कशाचा? बराचसा कागदांचा. त्या काळी इंग्लंडबाहेर जायला सरकारी परवाना लागायचा. इटलीत शिरायला लियोंमध्ये निरोगी असल्याचा दाखला घ्यावा लागला. व्हेनिसमध्ये इंग्रज राजदूत पाठीशी होता. यातलं काहीच सोन्याच्या नाण्यांइतकं चमकत नाही, पण तबेल्यात झोपलेला माणूस 'प्रवासी' की 'भटक्या', हे त्यावर ठरत होतं.

पुढे 1612 मध्ये कोरियट पुन्हा निघाला आणि अलेप्पोहून दहा महिन्यांत, बहुतेक पायी, अजमेरला जहांगीरच्या दरबारी पोचला. या वाटचालीला फक्त 3 पौंड लागले, असं त्याने अभिमानाने कळवलं. तिथे त्याने बादशहासमोर फारसीत भाषण करून 100 रुपये मिळवले. राजदूत सर थॉमस रो भडकला. इंग्रज माणसाने बादशहापुढे भिकाऱ्यासारखं उभं राहणं म्हणजे देशाची अब्रू घालवणं, असं त्याचं म्हणणं. बाडेनच्या वाटेवरची गंमत इथे राजकारण झाली. डिसेंबर 1617 मध्ये कोरियट सुरतेत आजारी पडून वारला.

तर माझं म्हणणं असं, की कमी खर्चाचा प्रवास हा गरिबांचा प्रवास नव्हता. आपण गरीब नाही हे ज्याला सिद्ध करता येतं, त्यालाच गरिबासारखं फिरायची मुभा होती.

मित्राला हे सांगितलं तेव्हा तो शेंगेन व्हिसाच्या अर्जाला जोडायचे कागद गोळा करत होता. बँकेचं स्टेटमेंट, किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा, हॉटेलचं बुकिंग. "म्हणजे स्वस्तात फिरायला आधी पैसे दाखवायचे," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

कोरियटचं नाव राहिलं, त्याचे बूटही बरीच वर्षं चर्चमध्ये टांगलेले होते. त्या दोन गावकऱ्यांची नावं त्याने लिहिलेली नाहीत. विचारलीच नसावीत.