झँथन गम : एका बिघाडाची सुफळ कहाणी

न्हाणाच्या आदल्या रात्री घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया मेथ्या भिजत घालीत, जवस उकळून त्याचा बुळबुळीत रस फडक्यातून गाळून घेत, हे आमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले आहे. मूळ गाव सोडून पिढ्या लोटल्या, तरी बेळगावापासून इंदूर-बडोद्यापर्यंतच्या घरांत ही रीत बरीच वर्षे टिकली. आज त्याच न्हाणीघरात बाटल्या आल्या आहेत, आणि त्यांच्यावरील बारीक अक्षरांत पुष्कळदा 'झँथन गम' हे नाव आढळते. ते वाचून कोणी 'रसायन' म्हणून नाक मुरडतो. कोणी 'नैसर्गिक' या शब्दावर निःशंक विसंबतो. दोघांनीही या पदार्थाचा इतिहास जाणून घ्यावा, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचा आरंभ नासाडीत आहे. तोडलेला ऊस गाळपाविना पडून राहिला की त्याचा रस चिकट होतो, हे बेळगाव भागातील ऊसकऱ्यांना वेगळे सांगावयास नको. हा चिकटपणा म्हणजे साखरेपासून जिवाणूंनी बनविलेला 'डेक्स्ट्रान' हा पदार्थ. असा बिघाड करणाऱ्या जिवाणूला फ्रेंच शास्त्रज्ञ व्हॅन टिगेम यांनी १८७८ साली 'ल्युकोनोस्टॉक' हे नाव दिले. कारखानदारांच्या लेखी मात्र तो दीर्घकाळ केवळ शत्रूच होता.

त्याच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहणाऱ्यांत ॲलीन जीन्स या अमेरिकन विदुषीचे स्थान मोठे आहे. टेक्सासमधील वेको येथे १९०६ साली जन्मलेल्या या बाई १९४१ मध्ये इलिनॉय राज्यातील पिओरिया येथील सरकारी कृषी प्रयोगशाळेत रुजू झाल्या. मक्यासारख्या पिकांना नवे उपयोग शोधणे हे त्या संस्थेचे काम होते. पेनिसिलिनच्या मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाची वाटही तेथेच मोकळी झाली. एका स्थानिक पेय-कारखान्यातील बिघडलेले, तारा सुटलेले पेय बाईंच्या हाती आले. त्यातील जिवाणूंपासून डेक्स्ट्रान मिळाले, आणि पुढे कोरियन युद्धाच्या काळात (१९५०–५३) रक्तस्राव झालेल्या जखमींसाठी रक्तद्रवाला पूरक म्हणून डेक्स्ट्रान उपयोगी पडले. १९५३ साली अमेरिकेच्या कृषी खात्याचा विशेष सेवा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

जिवाणूंपासून आणखी कोणते डिंक मिळतात, याचा शोध पुढे चालू राहिला. त्यात 'झँथोमोनस कँपेस्ट्रिस' हा जिवाणू पुढे आला. कोबीच्या पानांना कडेपासून पिवळे पाडून शिरा काळ्या करणारा हाच तो रोगजंतू. त्याच्या डिंकाविषयीचा जीन्स आणि सहकाऱ्यांचा निबंध १९६१ साली प्रसिद्ध झाला; १९६४ च्या सुमारास व्यापारी उत्पादन सुरू झाले; १९६९ मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थांत तो वापरण्यास परवानगी मिळाली.

त्याची कृती ऐकण्यासारखी आहे. मोठ्या टाक्यांत साखरेच्या पाण्यावर जिवाणू वाढवितात, हवा खेळती ठेवतात, काही दिवसांनी उष्णतेने जिवाणू मारतात, अल्कोहोल घालून डिंक वेगळा करतात आणि वाळवून त्याची पूड करतात. ही पूड शंभर भाग पाण्यात एक भागाहून कमी असली, तरी पाणी दाट होते. विशेष हा, की स्थिर असता ते दाट राहते, चोळताच पातळ होते आणि हात थांबताच पुन्हा दाट होते. म्हणून केसांचा लेप बाटलीत थर न धरता राहतो आणि हातावर घेताच सहज पसरतो.

तेव्हा यास नैसर्गिक म्हणावे की कृत्रिम? डिंक जिवाणूचा, कारखाना माणसाचा. आमच्या मते हा प्रश्न नावाने सुटणारा नाही. जवसाचा रस काय अन् जिवाणूचा डिंक काय, दोन्ही शर्करेच्या लांब साखळ्याच. दोन्ही पाण्याला धरून ठेवतात. जवसाचा रस आजीच्या अनुभवाने सिद्ध झाला, झँथन गम प्रयोगशाळेच्या चिकाटीने. त्यांना एकमेकांचे वैरी मानण्याचे कारण नाही.

जीन्सबाई १९७६ मध्ये निवृत्त झाल्या, १९९५ साली निवर्तल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक दालनात त्यांचे नाव २०१७ साली झळकले. बाटलीवर मात्र ते कोठेच नाही. बिघडलेले म्हणून जे आपण मोरीत ओततो, त्याकडे त्यांनी थांबून पाहिले. पुढच्या वेळी ती बारीक अक्षरे दिसली, तर एवढे स्मरण आपण ठेवावे.