दप्तर, काळ आणि सत्य

देवळाच्या उत्सवात मानाचा वाद उपस्थित झाला की दोन वाक्ये हटकून कानी येतात. एक पक्ष म्हणतो, "हे पूर्वापार चालत आले आहे." दुसरा म्हणतो, "कागद दाखवा." पहिला काळाची साक्ष काढतो, दुसरा अधिकाऱ्याच्या शिक्क्याची. या दोन्ही साक्षीदारांची योग्यता किती, हे पारखावयाचे तर गोमंतकातील देवस्थानांच्या इतिहासाइतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे आढळत नाही.

पोर्तुगिजांनी 1510 मध्ये तिसवाडी घेतली. त्यानंतर सोळा वर्षांनी, 16 सप्टेंबर 1526 रोजी, आफोंसु मेशिया याने तेथील गांवकऱ्यांच्या चालीरीतींचा 49 कलमांचा लेख तयार केला. यालाच फोराल म्हणतात. जमिनीची वाटणी, वारसा, गांवकरांच्या बैठकीची रीत, सरकारास द्यावयाचा वसूल इत्यादी बाबी त्यात आल्या. तोपर्यंत ही वहिवाट वृद्धांच्या स्मरणात व बैठकीच्या निर्णयात नांदत होती. ती कागदावर उतरताच तिचे रूप पालटले. कारकुनाने लिहिली ती वहिवाट ठरली. त्याने वगळली ती पुढे सिद्ध करणे दुर्घट झाले. तथापि हेही मान्य केले पाहिजे की, परक्या सत्तेने आपल्या हाताने लिहिल्यामुळेच गांवकरांचे हक्क तिला साफ नाकारता आले नाहीत.

पुढे 1540 च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. 1541 मध्ये गांवांच्या प्रमुखांस बोलावून देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मसंस्थांच्या कामी लावण्याचा लेख झाला. ही गोष्ट प्रमुखांनी राजीखुशीने मान्य केली, असे तो लेख सांगतो. आम्ही वकिली पेशाचे. "राजीखुशीने" हा शब्द दिसला की आमची दृष्टी प्रथम तारखेकडे वळते. देऊळ आधी पडले आणि संमती नंतर आली. ज्याच्या मागे पडलेल्या भिंती आहेत आणि पुढे सत्ताधीश बसला आहे, त्याच्या होकारास मुक्त संमती म्हणणे कोणत्याही न्यायबुद्धीस रुचणार नाही. कागद खरा, त्यावरील तारीख खरी, नावेही खरी असतील. परंतु त्यातील विधान खरे आहे, एवढे त्यावरून ठरत नाही.

1543 मध्ये साष्टी व बारदेश हे महाल पोर्तुगिजांकडे आले. 1560 नंतरची काही वर्षे आपल्या कुळांच्या स्मृतीत अद्याप ताजी आहेत. कुठ्ठाळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास. 1567 मध्ये साष्टीतील देवळांचा सरसहा विध्वंस झाला. ज्यांनी मूर्ती नेल्या त्यांनी त्या रात्रीचे टिपण ठेवले नाही. लपून जाणारा माणूस दप्तर बाळगीत नाही.

आणि येथेच काळाने एक विलक्षण गोष्ट घडवून आणली. पाडलेल्या देवळांच्या जमिनी घ्यावयाच्या तर त्या कोणत्या, किती, कोणत्या देवाच्या, याची नोंद करणे राज्यकर्त्यास भाग होते. महसुलाच्या त्या वह्यांत देवांची नावे उतरली, त्यांच्या शेतांच्या सीमा उतरल्या, देवळात नाचणारी, वाजविणारी, धुणारी व लोहारकाम करणारी यांना सेवेबद्दल दिलेल्या जमिनीही उतरल्या. 1595 मध्ये फ्रान्सिश्कु पाईश याने तिसवाडी, साष्टी व बारदेश यांचा मोठा तोंब सिद्ध केला, तो डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास टिपांसह प्रसिद्धीस आणला. ज्या सत्तेने देऊळ पुसले तिच्याच हिशेबात देवळाचा पत्ता राहिला! प्रतिपक्षाने स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली कबुली न्यायालयात मोलाची मानतात. ही कबुली त्याच जातीची आहे.

काळाची साक्ष कायद्यानेही मानली आहे, पण मोजून. 1872 च्या पुरावा कायद्याचे 90 वे कलम व त्याच्या जागी 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे 92 वे कलम पाहा. तीस वर्षांचा जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला, तर त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालयास गृहीत धरता येते. गृहीत धरावयाचे ते एवढेच. आतील मजकूर खरा आहे असे हे कलम म्हणत नाही. तीस वर्षांनी सही प्रौढ होते, असत्य मात्र तीनशे वर्षांनीही असत्यच राहते.

हा न्याय परक्यांस लावून आम्ही थांबलो, तर ती वकिली होईल, इतिहास होणार नाही. 1886 मध्ये व पुन्हा 1933 मध्ये पोर्तुगीज सरकारने देवस्थानांच्या कारभाराचे नियम केले. नियमानुसार महाजनांच्या याद्या झाल्या. आज त्या याद्या आम्ही सनातन असल्यासारख्या पुढे करतो. पण त्या वेळी लेखणी कोणाच्या हाती होती? देवापुढे पिढ्यान्‌पिढ्या दिवा लावणारा, पालखी वाहणारा, नृत्यगायनाने उत्सव सजविणारी, यांची नावे महाजनांच्या यादीत शोधावयास जावे तर रिकाम्या हाती परतावे लागते. सोळाव्या शतकातील परक्या कारकुनाने निदान त्यांचे शेत तरी लिहून ठेवले होते. मग यादीत नाव नाही म्हणून देवाशी नाते नाही, असा निकाल आम्ही कोणत्या तोंडाने द्यावा?

सत्तेचा कागद आम्ही फेकून देऊ नये; तो कोणी, केव्हा व कोणत्या हेतूने लिहिला, हे विचारून मग वाचावा. आपल्या देवस्थानातील जुनी दप्तरे वाळवीच्या मुखातून सोडवावीत, आणि त्यांच्याशेजारी एक कोरी वही ठेवावी. तीत ज्यांना लेखणी कधी मिळाली नाही त्यांचे सांगणे, सांगणाऱ्याच्या नावानिशी व तारखेनिशी, उतरून घ्यावे. तीस वर्षांनी ती वहीही जुना दस्तऐवज होईल. तिच्यातील सहीपुरती हमी काळ देईल. मजकुराची हमी आजच आपणांस द्यावयाची आहे.