सागरचा झुलता पूल

मध्य प्रदेशात सागर-दमोह वाटेवर सानोधा गावाजवळ बेवस नदीवर उभारलेला लोखंडी पूल. भारतातील आरंभीच्या झुलत्या पुलांत याची गणना होते. पायाभरणी एप्रिल 1828, काम पूर्ण जून 1830. टांगणीच्या दोन टोकांतील अंतर सुमारे 200 फूट. वेल्समधील मेनाय पुलाचा गाळा (1826) याच्या जवळजवळ तिप्पट आहे. तेव्हा याची थोरवी लांबीत नाही, लोखंडात आहे.

पेशव्यांचे सरदार गोविंदपंत बुंदेले यांच्या घराण्याकडे असलेले सागर 1818 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे गेले. तेथील टाकसाळीत धातूचा कस पाहणारे अधिकारी डंकन प्रेसग्रेव्ह यांनी हा पूल आखला. लोखंड विलायतेहून आणवले नाही. ते जवळपासच्या खाणींतले, आणि घडवणारे हातही इथलेच. या भागात तेंदुखेड्यासारख्या गावी मातीच्या लहान भट्ट्या होत्या. खनिज व लाकडी कोळसा यांचे थर रचायचे, कातडी भाते चालवायचे; खाली पाझरणारा रस नव्हे, तर सच्छिद्र गोळा हाती येई. तो पुन्हापुन्हा तापवून, ठोकून मळी झाडली की घडीव लोखंड तयार. कंपनीच्या लष्करातील अधिकारी जेम्स फ्रँकलिन यांनी 1829 च्या सुमारास ही रीत लिहून ठेवली. हे लोखंड उत्तम स्वीडिश लोखंडाला हार जाणार नाही, हा प्रेसग्रेव्ह यांचा निर्वाळा त्या टिपणातच येतो. कस पाहणे हाच ज्याचा व्यवसाय, त्याची ही साक्ष. म्हणून तिला वजन. पुढे सेवाग्रामला राहिलेले इतिहासकार धरमपाल यांनी 1971 मध्ये फ्रँकलिन यांचे टिपण आपल्या ग्रंथात घेतले आणि ते पुन्हा चर्चेत आले.

जतनाच्या दृष्टीने सागरसारख्या साखळीच्या पुलाची एक सोय आहे : कडी उघडी असते, गंज डोळ्यांना दिसतो. तारांच्या दोराचे तसे नाही. गुजरातेत मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर 26 ऑक्टोबर 2022 रोजी खुला झाला आणि 30 तारखेला कोसळून 135 माणसे गेली. मुख्य दोराच्या 49 पैकी 22 तारा गंजल्याचे चौकशीत आढळले. दोर तसाच ठेवून जुन्या सांगाड्याला नवी फरशी चढवणे म्हणजे जतन नव्हे.

सागरच्या पुलाला आणखी एक पथ्य लागू पडते. झिजलेल्या कडीच्या जागी पोलादी कडी बसवली, तर पूल टिकेल पण देशी भट्टीचा पुरावा हरवेल. त्यामुळे भार पेलायला वेगळा आधार द्यावा, आणि काढावीच लागलेली कडी क्रमांक घालून ठेवावी. भंगारात देऊ नये.