रानगहू आणि बाईची कंबर

आज गव्हाच्या मुळाची गोष्ट सांगते. ती आपल्याकडची नाही. इस्राएल, जॉर्डन, सीरिया, तुर्कस्तान या पट्ट्यात डोंगरउतारावर आजही एक गवत आपोआप उगवतं, ते म्हणजे रानगहू. सातारा-सांगलीकडं पिकणारी आपली खपली त्याच्याच वंशातली.

कुसळी गवत लुगड्याला कसं चिकटतं, ठाऊक आहे ना? रानगव्हालाही तशीच लांब कुसळं. ओंबी पिकली की आपोआप मोडते आणि दाणे टरफलासकट गळतात. रात्रीच्या दमट हवेत कुसळं जवळ येतात, दिवसा वाळून फाकतात आणि असं करत दाणा मातीत शिरतो. गवताची सोय होते, गोळा करणाऱ्याची पंचाईत!

तरी माणसं ते गोळा करत होती. गॅलिली तळ्याकाठी २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्यांत रानटी जव, रानगव्हाचे दाणे आणि दळायचा दगड सापडलाय. एखाद्या ताटाची ओंबी मोडत नसे. तीच जास्त घरी यायची, तीच पुढं पेरली जायची. अशा निवडीतून, खूप पिढ्यांनी, घरचा गहू झाला.

कापणी तशी अवघड नव्हती. १९६०च्या दशकात जॅक हार्लन या अमेरिकन शास्त्रज्ञानं तुर्कस्तानात याच कुळातला दुसरा रानगहू गारगोटीच्या विळ्यानं कापून पाहिला. तासाला साधारण किलोभर दाणा पडला. एका कुटुंबानं तीन आठवडे कापणी केली तर वर्षाला पुरून उरेल, असा त्याचा हिशेब. खरं काम पुढचं: कांडणं, पाखडणं, दळणं. शेतीच्या इतिहासात ते कुणी फारसं मोजत नाही, असं मला वाटतं.

पण हाडांनी मोजलंय. सीरियात युफ्रेटिस नदीकाठी अबू हुरेरा नावाचं जुनं गाव होतं. धरणात बुडणार म्हणून १९७२-७३ साली ते घाईनं खोदलं. तिथले सांगाडे थेया मॉलेसन या संशोधिकेनं तपासले. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, पाठीचा मणका दबलेला. गुडघे टेकून, पायाची बोटं मुडपून, रोज तासन्‌तास दगडावर दळण्याच्या त्या खुणा, असं त्यांनी दाखवलं. आणि असे सांगाडे बहुतेक बायकांचे होते.

ते गाव आता असद जलाशयाच्या तळाशी आहे.