पत्रांची पेटी आणि तिची किल्ली : कामठीतून वेबमेलकडे पाहताना

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, इतिहासाच्या व्याख्यानमालेत ई-मेल कुठून आला? प्रश्न रास्त आहे. पण हॉटमेल सुरू झालं ४ जुलै १९९६ला. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज नोकरीला लागलीत, काहींची लग्नं झालीत. एका पिढीने ज्या ठिकाणी आपले कागद, फोटो, पत्रं ठेवली, ते ठिकाण इतिहासाचा विषय व्हायलाच हवं. आणि त्यासाठी कामठीसारखं दुसरं गाव नाही. का, ते आधी सांगतो.

कामठी हे छावणीचं गाव. कन्हान नदीच्या काठी १८२१ साली इंग्रजांनी इथे लष्करी ठाणं वसवलं, तेव्हापासून इथे शिपाई येतात आणि जातात. आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र इथे आहे. आणि आपल्या विषयासाठी जास्त महत्त्वाचं म्हणजे सेना डाक सेवेचं, म्हणजे आर्मी पोस्टल सर्व्हिसचं केंद्रही इथेच आहे. डाक खात्यातली साधी माणसं प्रतिनियुक्तीवर लष्करात जातात, तेव्हा ती इथे येतात, वर्दी घालतात आणि फौजेची पत्रं पोचवायला शिकतात.

आता फौजेतल्या माणसाचा पत्ता आठवून बघा. नंबर, हुद्दा, नाव, पलटणीचं नाव आणि शेवटी ‘मार्फत ५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’. गाव नाही, जिल्हा नाही. पलटण लेहला आहे की राजस्थानात, हे पाकिटावरून कळत नाही. ते फक्त टपाल छाटणाऱ्याला माहीत. माणूस हलला तरी पत्ता तोच राहतो. ई-मेल येण्याच्या कितीतरी आधी या गावातल्या घरांना ही कल्पना सवयीची होती, की पत्त्याला गाव असलंच पाहिजे असं नाही.

म्हणून आज आपण दोन प्रश्न वेगवेगळे धरू. पत्र ठेवतो कोण? आणि पत्र वाचू शकतो कोण? ऐकायला सोपे आहेत, पण वेबमेलच्या काळात आपण हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले, आणि घोळ तिथेच झाला.

आधी जुनं उदाहरण घेऊ. पहिल्या महायुद्धात हिंदी फौज फ्रान्समध्ये लढायला गेली. शिपायांची पत्रं आधी सरकारी तपासनिसाकडे जात. १९१४च्या अखेरीस त्यासाठी वेगळं कार्यालय उघडलं, कॅप्टन हॉवेल त्याचे प्रमुख. शिपायांना हे लवकरच कळलं. मग त्यांनी आडवळणाने लिहायला सुरुवात केली. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. मिरी संपत आली असं लिहिलं, की घरच्यांनी समजायचं, आपली माणसं फार पडताहेत. तपासनिसालाही ते समजलं, ही गोष्ट वेगळी.

पण पुढचा भाग नीट ऐका. ती पत्रं ज्या घरी गेली, तिथे त्यांचं काय झालं? बहुतेक नाहीशी झाली. वाळवी, पावसाळा, घरांच्या वाटण्या, वाचता न येणाऱ्यांच्या हातची आवराआवर. टिकलं काय, तर तपासनिसाच्या अहवालात इंग्रजीत उतरवून घेतलेले उतारे. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि इतिहासकार त्यांवरच काम करतात. म्हणजे ज्याने शिपायाचं पत्र परवानगीशिवाय वाचलं, त्याच्याकडेच ते सांभाळलं गेलं. जो वाचतो तोच सांभाळतो, हे इतिहासात पुन्हापुन्हा दिसतं. हे वाक्य मनात धरून आता वेबमेलकडे येऊ.

आपल्याकडे इंटरनेट सर्वसामान्यांना मिळालं १५ ऑगस्ट १९९५पासून, विदेश संचार निगममार्फत. पण बहुतेकांचा पहिला ई-मेल उघडला तो घरी नव्हे, सायबर कॅफेत. लाकडी खोपटं, तासाचे पैसे, मध्येच तुटणारी लाइन. तिथल्या संगणकावर आपलं काही ठेवता येत नसे. खिशात फ्लॉपी, तिच्यात जेमतेम १.४४ एमबी मावणार, आणि ती कधी दगा देईल याचा नेम नाही. मग लोकांनी स्वतःच शोधून काढलेली युक्ती म्हणजे स्वतःच स्वतःला मेल पाठवणं. बायोडाटा, मार्कशीटची स्कॅन प्रत, अर्जाचा मसुदा, सगळं जोडायचं आणि आपल्याच पत्त्यावर धाडायचं. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या दुसऱ्या कॅफेत बसून उतरवून घ्यायचं. कुणी शिकवलं नव्हतं. टपालपेटीचं गोदाम झालं ते असं.

गोदाम मात्र लहान होतं. हॉटमेलवर २ एमबी, याहूवर ४. चार फोटो आले की पेटी भरली, नवीन पत्रं परत. मग १ एप्रिल २००४ला जीमेल जाहीर झालं, प्रत्येकाला १ जीबी. तारीख बघून अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. हॉटमेलच्या ५०० पट जागा, आणि फुकट! त्याच वर्षी रिचर्ड जोन्स नावाच्या प्रोग्रामरने जीमेलएफएस लिहिलं. त्याने लिनक्सच्या संगणकावर जीमेलचं खातं एखाद्या डिस्कसारखं दिसायचं. फाइल त्यात टाकली की आतल्या आत तिचं मेल बनायचं. विंडोजसाठीही तसाच जीमेल ड्राइव्ह आला. कंपनीने हे दिलं नव्हतं. लोकांनी टपालपेटी वाकवून तिची कोठी केली होती.

वाकवण्याचा खर्च होताच. ई-मेलची जुनी व्यवस्था फक्त साध्या इंग्रजी मजकुरासाठी बांधलेली. फोटो किंवा ध्वनी तिच्यातून न्यायचा तर आधी त्याची अक्षरं करावी लागतात. दर तीन बाइटची चार अक्षरं होतात, म्हणजे ९ एमबीची फाइल वाटेत १२ची होते. शिवाय एका मेलला मर्यादा, म्हणून मोठ्या फाइलचे तुकडे करायचे, एकेक पाठवायचे, आणि पलीकडे सांधायचे. एक तुकडा हरवला की सगळं वाया.

आणि आपल्या मराठीची गंमत तर निराळीच. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीत, शिवाजी फाँटमध्ये, नाहीतर सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप व्हायचा. पलीकडच्याकडे तो फाँट नसला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा कचरा. म्हणून मजकुरासोबत फाँटही जोडून पाठवायचा. आता हे काय होतं? नकळत झालेलं कूटलेखनच! फाँट ही किल्ली. तेव्हाच्या कितीतरी मराठी फाइली आज कुणाकुणाच्या खात्यांत शाबूत पडल्या आहेत आणि वाचता येत नाहीत, कारण तो फाँट आता संगणकावर नाही. ठेवलेलं आहे, पण वाचता येत नाही.

कूटलेखन आपल्या मातीला नवं नाही. इथून पश्चिमेला, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभाव पंथाचं मोठं स्थान. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपी, सुंदरी लिपी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, अशी ती रचना. पोथ्या शतकानुशतकं टिकल्या, पण पंथाबाहेर कुणाला वाचता येईनात. मराठी गद्याचा एवढा मोठा ठेवा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना जवळजवळ अज्ञात होता. राजवाड्यांनी लिपीचा उलगडा केला तेव्हा दार उघडलं. इथेही बघा, पोथ्या वाचल्या त्या कशामुळे? प्रत्येक पिढीत कुणीतरी किल्ली पुढच्याच्या हाती दिली म्हणून. ती साखळी तुटली असती तर राहिला असता नुसता कागद.

आता ई-मेलमधली गुप्तता. १९९१ साली अमेरिकेत फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्राम फुकट वाटला. त्यामागची कल्पना १९७०च्या दशकातली. प्रत्येकाला दोन किल्ल्या असतात. एक उघड, ती कुणालाही द्यायची. तिने फक्त कुलूप लावता येतं. उघडायची दुसरी, ती स्वतःजवळच ठेवायची. कल्पना इतकी भक्कम, की कूटलेखनाची साधनं शस्त्रांच्या निर्यातीच्या नियमात बसतात म्हणून झिमरमन यांची चौकशी झाली, ती १९९६ साली बंद झाली.

पण पीजीपी फक्त मजकूर झाकतं. कुणी कुणाला, केव्हा लिहिलं आणि विषयाची ओळ काय, ते उघडंच राहतं. आपल्या ५६ एपीओच्या अगदी उलट. तिथे ठिकाण झाकलेलं आणि मजकूर युद्धकाळात तपासनिसापुढे उघडा. इथे मजकूर बंद, पत्ता उघडा.

सामान्य माणसाला पीजीपी जड गेलं. त्याने आपले उपाय काढले. झिप फाइलला पासवर्ड घालायचा, आणि तो पासवर्ड पुढच्याच मेलमध्ये पाठवायचा! कुलूप आणि किल्ली एकाच पेटीत. दुसरा उपाय मसुद्यांचा. दोघांनी एकच खातं वापरायचं, निरोप पाठवायचाच नाही, मसुद्यांत लिहून ठेवायचा. २०१२ साली अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचे प्रमुख पेट्रेयस यांचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा त्यांनीही हीच युक्ती केली होती असं कळलं. म्हणजे गुप्तचरांचा प्रमुखही फसला. न पाठवलेलं पत्रसुद्धा कंपनीच्याच कपाटात असतं, आणि खातं कुठून उघडलं त्याची नोंदही.

हशमेलचं उदाहरण जास्त बोलकं आहे. कॅनडातली ही सेवा १९९९पासून ब्राउझरमध्येच कूटलिखित ई-मेल देत होती. २००७मध्ये उघड झालं, की न्यायालयाच्या आदेशानंतर कंपनीने काही खात्यांतला मजकूर उलगडून दिला होता. कसा? पासवर्ड टाइप होत होता तो कंपनीच्या सर्व्हरमधून जात होता. दार कितीही मजबूत असो, किल्ली पहारेकऱ्यासमोर फिरवली तर उपयोग काय? आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ने सरकारला माहिती उलगडून मागता येते. पत्र अडवण्याचा अधिकार तर १८९८च्या डाक कायद्यातही होता. हत्यार बदललं, प्रश्न जुनाच.

मग साध्या वेबमेलचं काय? तिथला सौदा सरळ होता. जागा फुकट, बदल्यात यंत्र तुमचं पत्र वाचून शेजारी जाहिरात लावणार. जीमेलने जाहिरातींसाठी मेल चाळणं थांबवायचं ठरवलं ते २०१७ साली. तोवर आपण काय केलं होतं? तपासनिसाच्याच कार्यालयात आपली पेटी ठेवली होती, आणि तो सांभाळेल या भरवशावर घरची प्रत ठेवलीच नव्हती.

पण इथे एक फरक आहे. तो तपासनीस सरकारी दप्तर सांभाळत होता. कंपनीला दप्तर सांभाळायचं बंधन नाही. दोन वर्षं न उघडलेली खाती काढून टाकण्याचं धोरण गूगलने २०२३मध्ये जाहीर केलं आणि डिसेंबरपासून अंमल सुरू झाला. आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. घरातले एक ज्येष्ठ फौजेत होते. सुरुवातीच्या नोकरीतली त्यांची अंतर्देशीय पत्रं लोखंडी पेटीत आजही आहेत, निळा कागद घड्यांवर फाटलाय, पण वाचता येतात. शेवटच्या दहा वर्षांत ते सायबर कॅफेतून मेल लिहायचे, फोटो जोडायचे. ते गेले. पासवर्ड त्यांच्यासोबत गेला. आम्ही चौकशीला लागलो तोवर खातं बंद होऊन रिकामं झालेलं. सेवेचं नाव घ्यायचं कारण नाही, नियम त्यांनी लिहूनच ठेवला होता, आम्ही वाचला नव्हता. त्या दहा वर्षांतलं त्यांचं एकही अक्षर आज घरात नाही. चाळीस वर्षांपूर्वीची पत्रं आहेत, पंधरा वर्षांपूर्वीची नाहीत.

म्हणून इतिहासाचा विद्यार्थी या सगळ्यातून काय घेईल? कूटलेखन केलं तर वाचणारा दूर राहतो, हे चांगलंच आहे. २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो हक्क वापरायलाच हवा. पण वाचणारा दूर गेला की फुकट सांभाळणाराही दूर जातो. किल्ली फक्त आपल्याकडे, म्हणजे ती हरवली तर दार ठोठावायला कुणी नाही. तेव्हा सांभाळण्याचं काम आपल्या अंगावर येतं, महानुभावांच्या अंगावर होतं तसं. त्यांनी लिपी झाकली, आणि तीच पुढच्या पिढीला शिकवलीही. आपण पहिलं काम शिकलो, दुसरं विसरलो.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. जुनं खातं एकदा उघडून बघा. त्यातलं जे जपायचं ते घरातल्या डिस्कवर उतरवा, आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये करून घ्या, निदान कागदावर छापून ठेवा. आणि किल्ली कुठे आहे, ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. पासवर्ड सांगायचा नसेल तर बंद पाकिटात लिहून त्याच लोखंडी पेटीत टाका. त्या पेटीने आजवर पत्रं सांभाळली आहेत, आता किल्लीही सांभाळेल.

प्रश्न असतील तर घेऊ.